चर्चमध्ये वाद्यं नव्हती?

अठराव्या शतकातल्या अमेरिकेत चर्चमध्ये वाद्यांना थारा नव्हता, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ईशान्य अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडच्या प्युरिटनांपुरतं (कडक शिस्तीच्या प्रोटेस्टंटांपुरतं) ते बरंचसं खरं, म्हणूनच हा समज टिकला. मोरेव्हियन या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाची रीत मात्र वेगळी. पेनसिल्व्हेनियातल्या त्यांच्या बेथलेहेम गावात १७५४ मध्येच ट्रॉम्बोन ही पितळी फुंकवाद्यं आली. १७७० मध्ये युरोपातून आलेल्या त्यांच्या एका संगीतकाराने उपासनेसाठी गायकवृंद आणि तंतुवाद्यं एकत्र योजून रचना केल्या. नॉर्थ कॅरोलिनातल्या सेलममध्ये (आजचं विन्स्टन-सेलम) १७८९ साली त्याने सहा तंतुवाद्य-पंचकं, म्हणजे पाच तंतुवाद्यांसाठीच्या रचनाही लिहिल्या, आणि त्या खरोखर सुंदर आहेत. पडताळायचं असेल तर हस्तलिखितं पाहावीत. प्रत्येक वादकासाठी स्वतंत्र कागद: व्हायोलिनचा वेगळा, व्हिओलाचा (व्हायोलिनहून थोड्या मोठ्या वाद्याचा) वेगळा. वाजवायचंच नसतं, तर एवढी नक्कल कोण करत बसलं असतं? बेथलेहेम आणि विन्स्टन-सेलमच्या संग्रहांत हे कागद आजही जपलेले आहेत.