आकडा कोणाचा खरा? डेटा विश्लेषणाच्या साधनांची पार्श्वभूमी

विक्री विभागातला कुणीही आज पॉवर बीआय किंवा टॅब्लो यांसारखे डेटा विश्लेषणाचे सॉफ्टवेअर उघडतो, दोन-तीन फिल्टर लावतो आणि गेल्या तिमाहीत कुठला माल कुठे पडून राहिला ते मिनिटभरात पाहतो. या सोयीचा इतिहास बहुधा यंत्रांच्या वेगाच्या अंगाने सांगितला जातो. पण त्यात एक जुनी ओढाताणही आहे. आकड्यांना प्रश्न कोण विचारणार, आणि आलेले उत्तर सगळे मान्य करणार का?

सुरुवात मोजणीपासून झाली. अमेरिकेच्या 1880 च्या जनगणनेचे तक्ते हाताने पुरे करायला सात-आठ वर्षे लागली. पुढच्या, म्हणजे 1890 च्या जनगणनेसाठी हर्मन हॉलरिथ यांनी छिद्रे पाडलेली कार्डे वाचणारे विजेवरचे यंत्र दिले. त्यांची कंपनी 1911 मध्ये इतर कंपन्यांत विलीन झाली आणि त्या कंपनीचे नाव 1924 मध्ये आयबीएम झाले. विमा कंपन्या आणि रेल्वे हीच कार्डे वापरू लागल्या.

व्यवसायासाठी संगणक पहिल्यांदा नियमित वापरला तो मात्र कुठल्या यंत्रनिर्मात्याने नव्हे, तर चहाची दुकाने आणि बेकऱ्या चालवणाऱ्या ब्रिटनमधल्या जे. लायन्स कंपनीने. त्यांनी स्वतःच ‘लिओ’ नावाचा संगणक बांधला आणि 1951 च्या नोव्हेंबरात त्यावर बेकरीच्या मालाचे मूल्यांकन सुरू केले. पुढे दुकानांची रोजची मागणीही त्याच्यावर आली. प्रत्येक दुकानाची ठरलेली मागणी आधीच नोंदलेली असे. व्यवस्थापिका फोनवर फक्त बदल कळवत, तो कार्डावर टिपला जाई आणि दुसऱ्या दिवशीच्या मालाची यादी तयार होई. नेहमीपेक्षा वेगळे काय घडले तेवढेच बघायचे, ही आजच्या डॅशबोर्डवरच्या, म्हणजे महत्त्वाचे आकडे एकत्र दाखवणाऱ्या पडद्यावरच्या, लाल-हिरव्या खुणांमागची कल्पना तिथे बऱ्यापैकी दिसते.

‘बिझनेस इंटेलिजन्स’ हे नाव आयबीएमच्या हान्स पीटर लून यांनी 1958 च्या एका लेखात वापरले. त्यांच्या डोळ्यांसमोर कागदपत्रे योग्य माणसापर्यंत आपोआप पोचवणारी यंत्रणा होती, आलेख वगैरे नव्हते. आकड्यांच्या बाजूने मोठी झेप 1970 ची: एडगर कॉड यांनी रिलेशनल डेटाबेसची, म्हणजे एकमेकांशी जोडता येणाऱ्या तक्त्यांत डेटा ठेवण्याची, मांडणी केली. डेटा कुठे, कसा साठवला आहे याची चिंता न करता ‘काय हवे’ एवढेच सांगता यावे, हा तिचा गाभा. त्यातूनच एसक्यूएल ही डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा आली. तरी प्रत्यक्षात एसक्यूएल लिहायचे संगणक विभागानेच. बाकीच्यांनी अर्ज करायचा आणि रिपोर्टची वाट बघायची.

ही रांग मोडली स्प्रेडशीटने. डॅन ब्रिकलिन हार्वर्डमध्ये शिकत असताना फळ्यावरच्या तक्त्यात एक आकडा बदलला की पुढचे सगळे पुसून पुन्हा मांडावे लागे. त्यांनी आणि बॉब फ्रँक्स्टन यांनी 1979 मध्ये व्हिसिकॅल्क आणले. मग 1983 मध्ये लोटस 1-2-3 आणि 1985 मध्ये मॅकिंटॉशवर एक्सेल आले. आता प्रत्येकाच्या टेबलावर स्वतःचा हिशेब होता आणि बैठकीला चार जण विक्रीचे चार वेगळे आकडे घेऊन येऊ लागले.

त्यावरचा उतारा म्हणून डेटा वेअरहाउस, म्हणजे विश्लेषणासाठी ठिकठिकाणचा डेटा एकत्र ठेवणारे कोठार, आले. आयबीएमच्या बॅरी डेव्हलिन आणि पॉल मर्फी यांनी 1988 मध्ये त्याची रचना मांडली. बिल इनमन यांनी आधी संपूर्ण संस्थेचे एकसंध कोठार उभारायला सांगितले, तर राल्फ किंबल यांनी एकेका कामाच्या प्रक्रियेपासून सुरुवात करायला. किंबल यांची स्टार स्कीमा आजही रोजच्या वापरात आहे. मधल्या तक्त्यात एका व्यवहाराची एक ओळ: किती नग, किती रक्कम. भोवतीच्या तक्त्यांत तारीख, वस्तू, दुकान, ग्राहक यांचे तपशील. पॉवर बीआयमध्ये मॉडेल, म्हणजे तक्त्यांची जोडणी, बांधताना आपण करतो ते बहुतांशी हेच असते.

याच काळात, 1993 मध्ये, कॉड यांनी ‘ओलॅप’चे, म्हणजे तेच आकडे तारीख, वस्तू, दुकान अशा अनेक बाजूंनी झटपट पाहण्याच्या पद्धतीचे, बारा नियम सांगितले. नंतर कळले की त्या कामामागे आर्बर सॉफ्टवेअर या कंपनीचा पैसा होता, आणि नियम तिच्याच उत्पादनाला चपखल बसत होते. हे क्षेत्र विक्रेत्यांच्या प्रभावापासून कधीच फार लांब नव्हते, हे लक्षात ठेवलेले बरे.

भाकीत करणाऱ्या मॉडेल्सची वाट वेगळी होती. कर्ज परत येईल का याला गुण देणारी फेअर आयझॅक ही कंपनी 1956 मध्ये सुरू झाली. एसपीएसएस आणि सॅस ही सांख्यिकीची सॉफ्टवेअर विद्यापीठांतून बाहेर पडली, आर ही भाषा ऑकलंडमधून आली, आणि 2008 मध्ये सुरू झालेल्या पांडाज या डेटा हाताळणाऱ्या जोडसंचाने पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेला विश्लेषकांच्या टेबलावर आणले.

टॅब्लो 2003 मध्ये स्टॅनफर्डमधल्या संशोधनातून उभी राहिली. पॉवर बीआय 2015 मध्ये सर्वांसाठी खुले झाले, पण त्याचे इंजिन एक्सेलच्या पॉवर पिव्हट या जोडसाधनातून आलेले. म्हणजे पुन्हा टेबलावरचाच माणूस, फक्त यावेळी मागे सामायिक मॉडेल.

स्प्रेडशीट गेली असे मात्र कुणी समजू नये. जेपी मॉर्गनला 2012 मध्ये लंडनच्या व्यवहारांत 6 अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला. त्याची कारणे अनेक होती, पण बँकेच्याच अहवालात एक बारीक गोष्ट नोंदली आहे. जोखमीच्या नव्या मॉडेलसाठी आकडे हाताने कॉपी-पेस्ट केले जात, आणि एका सूत्रात दोन दरांच्या सरासरीने भागायचे तिथे बेरजेने भागले होते. त्यामुळे जोखीम प्रत्यक्षाहून कमी दिसत राहिली.

आता साध्या भाषेत प्रश्न टाइप केला की यंत्र स्वतःच एसक्यूएल लिहून देते. परतावा वजा करायचा का, कर धरायचा का, ऑर्डरची तारीख घ्यायची की माल निघाल्याची, हे कुठेतरी लिहून ठेवलेले नसेल तर ते त्यातले काहीतरी एक आपणहून निवडते आणि ठामपणे आकडा सांगते. म्हणून या व्याख्या एकाच जागी नोंदवणाऱ्या ‘सिमँटिक मॉडेल’ना सध्या पुन्हा भाव आला आहे.