गूगल खाते न उघडता टॅबलेट कसा सुरू करावा? पात्रता, कागदपत्रे आणि पद्धत

गणपतीला गावी आलेल्या चाकरमानी भाच्याने देवगडच्या आत्यासाठी अँड्रॉइड टॅबलेट आणला. सुरू करताच टॅबलेटने गूगल खात्याचा ईमेल मागितला. आत्याकडे ईमेल नाही, तिला तो नकोही आहे. मग टॅबलेट कपाटात ठेवायचा का? मुळीच नाही.

पात्रता: काहीही अट नाही. जन्मतारीख विचारतात ती खाते उघडताना. टॅबलेटमध्ये सिम घालायचे असेल तर केवायसी लागते, पण ती सिमसाठी. घरच्या वायफायवर किंवा भाच्याच्या हॉटस्पॉटवर तेही नको.

कागदपत्रे: सुरू करायला एकही लागत नाही. खरेदीचे पक्के बिल मात्र स्वतःच्या नावाचे घ्या आणि जपून ठेवा.

पद्धत: भाषा मराठी निवडा. वायफायच्या पानावर जोडणी न करता ऑफलाइन पुढे जाता आले तर खात्याचे पान सहसा येतच नाही. आलेच तर कोपऱ्यातले ‘वगळा’ दाबा. पुन्हा विचारले तरी पुन्हा वगळा. शेवटी पिन मात्र जरूर ठेवा. आयपॅडवरही खात्याचे काम नंतरसाठी ठेवता येते, पण ॲप स्टोअरला खाते लागतेच.

इथे कळकळीने सांगते: दुकानदाराला ‘तुमचंच खातं टाकून द्या’ असे म्हणू नका. माझ्या शेजारच्या काकांच्या बाबतीत हेच झाले. पुढे टॅबलेट अडकला, बटणे दाबून येणाऱ्या रिकव्हरी मेनूतून रीसेट केला, म्हणजे सगळे पुसून नव्याने सुरू केला, तर त्याने आधीचेच खाते आणि पासवर्ड मागितला. ज्या मुलाने खाते टाकले होते तो दुकान सोडून गेला होता. चोरीपासून बचावासाठी असलेले हे कुलूप काकांनाच लागले. जुना टॅबलेट घेतानाही विकणाऱ्याला आपल्यासमोर सेटिंग्जमधून त्याचे खाते काढून टाकायला लावा, मगच पैसे द्या.

खात्याशिवाय ब्राउझर पूर्ण चालतो. हवामान विभागाचा पावसाचा इशारा, होडीवाल्यांसाठी इन्कॉइस या सरकारी सागरी संस्थेचा लाटांचा अंदाज, बालभारतीची पुस्तके, यूट्यूबवरचे भजन, सगळे उघडते. सरकारच्या भूलेख संकेतस्थळावर सातबाराही पाहता येतो. तिथे मोबाईल नंबर विचारतात, आणि तो उतारा फक्त माहितीसाठी असतो. कामासाठी डिजिटल सहीचा, 15 रुपयांचा उतारा वेगळा घ्यावा लागतो.

प्ले स्टोअरमधून मात्र ॲप घेता येणार नाही. व्हॉट्सॲप त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून उतरवता येते. त्याला फोन नंबर लागतो, ईमेल नाही. इतर कुठली लिंक आली तर तिथून ॲप घेऊ नका. टॅबलेट हरवला तर खात्याशिवाय तो शोधता येत नाही, म्हणून फोटो महिन्यातून एकदा पेनड्राइव्हवर काढून ठेवा. आत्याला पुढे कधी खाते हवेसे वाटले, तर सेटिंग्जमधून ते केव्हाही जोडता येते.