कलाकारांचं मानसिक आरोग्य: स्वभाव की कामाची घडी?

कवी आणि विचारवंत विषण्ण प्रकृतीचे का असतात, हा प्रश्न प्राचीन ग्रीक ग्रंथातही सापडतो. एकोणिसाव्या शतकात प्रतिभा आणि वेड यांची सांगड घालणारी पुस्तकं युरोपात गाजली. पण आजही ज्याचा हवाला दिला जातो, तो अभ्यास १९८७ सालचा आहे.

अमेरिकेतल्या एका नामांकित लेखन-कार्यशाळेतले ३० लेखक आणि इतर क्षेत्रांतली ३० माणसं यांच्या मुलाखती एका मानसोपचारतज्ज्ञ संशोधिकेनं घेतल्या. लेखकांपैकी ८० टक्के जणांना कधी ना कधी नैराश्य किंवा बायपोलर (मन कधी अति उत्तेजित, तर कधी अति खिन्न होण्याचा विकार) यांसारखा आजार होऊन गेला होता. दुसऱ्या गटात हे प्रमाण ३० टक्के होतं. हे आकडे सगळीकडे पोहोचले, ते कसे मिळाले हे मात्र फारसं कुणी विचारलं नाही. सगळ्या मुलाखती एकाच व्यक्तीनं घेतल्या होत्या आणि समोरचा माणूस लेखक आहे की नाही हे तिला ठाऊक होतं. नमुना लहान, लेखकही एकाच कार्यशाळेतले. आजार आणि आनुवंशिकता हा त्या अभ्यासाचा विषय होता. उत्पन्न, करार, कामाचे तास त्याच्या कक्षेतच नव्हते. तरीही ‘कलावंत असाच असायचा’ या समजुतीला त्यानं विज्ञानाचा शिक्का मिळवून दिला, आणि काम देणाऱ्यांवरची जबाबदारी आपोआप हलकी झाली.

२०१३ मध्ये स्वीडनमधल्या सुमारे १२ लाख रुग्ण आणि त्यांच्या नातेवाइकांच्या नोंदींवरचा अभ्यास छापून आला. सर्जक व्यवसायांत बायपोलर वगळता इतर मानसिक आजार सरसकट जास्त आढळले नाहीत. लेखक मात्र अपवाद ठरले: नैराश्य, व्यसनं आणि आत्महत्या यांचं प्रमाण त्यांच्यात खरोखरच जास्त निघालं.

त्यानंतर प्रश्नाचा रोख बदलला. २०१६ मध्ये ब्रिटनमध्ये संगीतक्षेत्रातल्या २,२०० हून अधिक जणांनी एका पाहणीत भाग घेतला. ७१ टक्के जणांनी तीव्र चिंता किंवा पॅनिक अटॅक, तर ६८ टक्के जणांनी नैराश्य अनुभवल्याचं सांगितलं. स्वतःहून उत्तरं देणाऱ्यांचीच ही पाहणी होती, त्यामुळे टक्केवारी जपूनच वापरायला हवी. पण लोकांनी सांगितलेली कारणं ओळखीची होती: अनिश्चित मिळकत, अवेळी काम, घरच्यांपासून लांब राहणं. दौऱ्यावरचा वादक मध्यरात्री स्टेजवरून उतरतो तेव्हा अंगातली झिंग उतरलेली नसते. झोप पहाटे बसमध्ये लागते आणि दुपारी दुसऱ्या गावात साउंड चेक असतो. ऑडिशन देणाऱ्या नटाला तर बहुतेक वेळा नकारही कळवला जात नाही, फोन येत नाही एवढंच.

२०२० मध्ये साथीमुळे रंगमंच, चित्रीकरण, मैफली बंद पडल्या आणि प्रयोगागणिक पैसे घेणाऱ्यांची मिळकत शून्यावर आली. तेव्हापासून हेल्पलाइन आणि समुपदेशन यांचा बोलबाला वाढला. ते हवंच. पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो २०२३ मधला अमेरिकी पटकथालेखकांचा १४८ दिवसांचा संप. बातम्यांत तो पैशांचा आणि एआयचा झगडा म्हणून आला. मालिकेच्या लेखनासाठी किमान किती लेखक नेमायचे आणि त्यांना किमान किती आठवडे काम द्यायचं, हेही त्यानंतरच्या करारात लिहिलं गेलं.