मेन रोडची फेररचना (तालुक्याच्या गावातली)

मेन रोडची फेररचना म्हणजे गर्दीचा मुख्य रस्ता नव्याने असा आखायचा की पायी चालणाऱ्याला, सायकलवाल्याला अन् एसटीची वाट पाहणाऱ्याला आधी जागा मिळेल, आणि गाड्या उरलेल्या जागेतून कमी स्पीडने जातील. हे काम बहुतेक मोठ्या शहरांच्या नावाने ओळखलं जातं. कोपनहेगनने १९६२ मध्ये आपली मुख्य बाजारपेठ गाड्यांसाठी बंद केली, ब्राझीलच्या कुरितिबाने १९७२ मध्ये तेच केलं, आपल्याकडे पुण्याचा जंगली महाराज रोड अन् चेन्नईचा पाँडी बाजार ही नावं घेतात. पण विदर्भातल्या तालुक्याच्या गावाला ह्याची गरज जास्त आहे, कारण इथं जो हायवे तोच बाजार.

बस स्टँड, तहसील, बँक, कृषी केंद्र, मेडिकल, हायस्कूल सगळं एकाच रोडच्या दोन्ही अंगाला. त्याच रोडवरून एसटी, काळी-पिवळी, बंडी, ट्रॅक्टर, बाहेरच्या राज्यातले ट्रक, आणि कापसाच्या सीझनमध्ये जिनिंगच्या गेटपासून लागलेली ट्रॉल्यांची लाइन, म्हणजे निम्मा रोड तिथंच संपला अन् शाळेतल्या पोरी सायकल घेऊन उरलेल्या निम्म्यात ट्रकच्या बाजूने निघतात. ह्यावर आजवर एकच उपाय झाला, रोड रुंद करा. मधात डिव्हायडर, दोन्हीकडे सिमेंट रोड, अन् कडेची कडुलिंबं-चिंचा तोडलेल्या. सिमेंटचा थर काही ठिकाणी जुन्या डांबरापेक्षा इतका वर येतो की पावसाचं पाणी सरळ दुकानाच्या ओट्यावर चढतं, आणि कडेला जी उभी पायरी तयार होते तिच्यावरून समोरून ट्रक आला की सायकलचं चाक खाली घसरतं. म्हातारं माणूस तर ती पायरी उतरायला कोणाचा तरी हात शोधतं.

रुंद मोकळा रोड दिसला की ड्रायव्हरचा पाय आपोआप दाबला जातो, बोर्डावर काहीही लिहिलेलं असो. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे की सरासरी स्पीड १ टक्का वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका ४ टक्क्यांनी वाढतो. भारतात २०२२ मध्ये रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली साधारण ४४ टक्के टू-व्हीलरवरची अन् १९ टक्क्यांच्या वर पायी चालणारी. नॅशनल हायवे देशातल्या एकूण रस्त्यांच्या २ टक्क्यांच्या आसपास, पण मृत्यू तिथं ३६ टक्के. म्हणून माणसं अन् गाड्या जिथं एकत्र येतात तिथं ताशी ३० किलोमीटर ही मर्यादा २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात धरली गेली, आणि ती पाळली जावी अशी रोडची आखणीच करायची, हाच ह्या कामाचा गाभा आहे.

समजा गावात दोन्हीकडच्या दुकानांच्या मधात १८ मीटर जागा आहे. त्यात ७ मीटर गाड्यांना, दोन्हीकडे २-२ मीटर सायकलला, दीड-दीड मीटर झाडं, नाली अन् विजेच्या खांबांना, २-२ मीटर फुटपाथला, झाले १८. इंडियन रोड्स काँग्रेसच्या (रस्त्यांची मापं ठरवणारी संस्था) नियमात फुटपाथ कमीत कमी १.८ मीटर मोकळा पाहिजे, बाजारात २.५, आणि कडेची उंची १५ सेंटिमीटरच्या वर नको, त्यामुळे जिथं गर्दी जास्त तिथं सायकलची पट्टी थोडी कमी करून फुटपाथ वाढवावा लागेल. गाव सुरू होतं तिथं रोड थोडा आवळायचा, म्हणजे ड्रायव्हरला कळतं की आता वस्ती लागली. स्टँड अन् शाळेसमोर क्रॉसिंग फुटपाथच्या लेव्हलला उचलायचं, खालून पाइप टाकायचा नाहीतर पावसाळ्यात तिथं तळं साचतं.

स्पीड ब्रेकरची तर आपल्याकडे फारच वाईट गत आहे. नियमातला ब्रेकर ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच, हळूच चढणारा असतो, अन् गावोगावी दिसतो तो डांबराचा अरुंद उभा उंचवटा, ज्याच्यावरून मोटरसायकलच्या मागं बसलेली बाई उसळून पडू शकते. ॲम्ब्युलन्समधल्या पेशंटचा तर विचारच नको.

झाडांबद्दल इथं वेगळं बोलावं लागतं. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, अशा उन्हात सावली नसलेला फुटपाथ कितीही चांगला बांधला तरी दुपारी कोणी त्यावर चालणार नाही. म्हणून जुनं झाड वाचवून नाली वळवायची, झाड तोडून सरळ करायची नाही, आणि नवीन लावायचं तर कडुलिंब, करंज, शोभेचा पाम नको.

ठेलेवाले काढून टाकले की रोड सुधारला असं कित्येकांना वाटतं, मला हे अजिबात पटत नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे सर्व्हे करून, विक्रेत्यांना समितीत घेऊन जागा ठरवायची असते, अन् तालुक्याची बरीच गावं आता नगरपंचायती झाल्यामुळे हा कायदा तिथं लागू आहे. दुकानदारांना भीती असते पार्किंगची. तर दुकानासमोर दिवसभर उभी राहणारी गाडी बरेचदा मालकाची किंवा नोकराचीच असते, ती मागच्या गल्लीत गेली की गिऱ्हाइकाला जागा होते.

बायपास झाला की मात्र खरी संधी असते अन् तिथंच बहुतेक गावं चुकतात. जड ट्रक बाहेरून जातात, पण आतला जुना रोड तसाच रुंद, तसाच धावता राहतो. त्यात काही बसा गावात न येता फाट्यावरच उतरवून देतात, मग रात्री बाया-पोरांनी सामान घेऊन स्टँडपर्यंत यायचं कसं? मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, मानव विकास कार्यक्रमातून १२५ तालुक्यांत मुलींना सायकली अन् शाळेसाठी बस मिळते, म्हणजे चालणारी, सायकलवाली, एसटीवाली माणसं गावात आहेतच, कमी आहे ती त्यांच्या रस्त्याची. तेव्हा बायपासच्या मंजुरीसोबतच जुन्या रोडचा नकाशा अन् एसटीचा गावातला थांबा ठरवून घेतला पाहिजे, उद्घाटन झाल्यावर कोणी विचारत नाही.

रोड कोणाच्या ताब्यात आहे हे आधी पाहावं लागतं, हायवेवाल्यांच्या, सार्वजनिक बांधकाम विभागाच्या की नगरपंचायतीच्या, नाहीतर अर्ज नुसता ह्या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो. मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने फुटपाथ हा घटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं सांगितलं, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८-अ मध्ये रोडच्या सदोष आखणीमुळे कोणाचा जीव गेला किंवा अपंगत्व आलं तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला १ लाखापर्यंत दंड आहे, ह्या दोन्हीचा उल्लेख नगरपंचायतीच्या ठरावात करावा. सिमेंट ओतायच्या आधी चुन्याच्या रेषा, ड्रम अन् दोऱ्या लावून पंधरा दिवस ट्रायल घेता येते, त्यात आठवडी बाजाराचा दिवस अन् कापसाच्या ट्रॉल्यांचा सीझन आलाच पाहिजे, कारण एरवी सुरळीत दिसणारी आखणी त्या दिवशी कुठं अडते हे तेव्हाच दिसतं अन् रेषा पुसून दुसरी मारायला खर्च जवळपास काहीच येत नाही.