जुन्या गाडीचा इंजिन स्वॅप: हेडर आणि स्टिअरिंगची जुळणी

जुन्या गाडीतलं मूळ इंजिन काढून त्या जागी दुसऱ्या गाडीचं, बहुतेक वेळा जास्त ताकदीचं इंजिन बसवणं म्हणजे इंजिन स्वॅप. या कामात फाउंडेशन (इंजिन ज्यावर टेकतं ते ब्रॅकेट आणि रबर), गिअरबॉक्स, रेडिएटर, वायरिंग सगळंच बदलावं लागतं, पण खरं डोकं खातं ते इंजिनाच्या बाजूचं काम, कारण तिथल्या चार-सहा इंचांच्या फटीतून हेडरचे पाइप पण खाली उतरतात आणि स्टिअरिंगचा शाफ्ट पण. हेडर म्हणजे कंपनीच्या, धूर बाहेर काढणाऱ्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) एक्झॉस्ट मॅनिफोल्डऐवजी लावलेला पाइपांचा जुडगा, प्रत्येक सिलिंडरला वेगळा पाइप आणि पुढे ते सगळे एका कलेक्टरमध्ये एकत्र येतात. बिडाचा मॅनिफोल्ड आटोपशीर असतो, ब्लॉकला चिकटून बसतो. हेडर मोकळा श्वास देतो पण जागा खातो, आणि ती जागा जुन्या गाडीत स्टिअरिंगचीच असते.

मुंबईत हा प्रश्न जरा वेगळा का आहे ते आधी बघू. इथे जुन्या गाड्यांची कमी कधीच नव्हती, जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली होती आणि नंतर कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून फियाट ११०० आणि पुढे पद्मिनी निघत राहिल्या. या सगळ्या गाड्या उजव्या हाताच्या, म्हणजे स्टिअरिंग उजवीकडे. पण इंजिन स्वॅपचे तयार हेडर, फाउंडेशनचे ब्रॅकेट, स्टिअरिंगचे जॉइंट वगैरे जे ऑनलाइन मिळतं ते मुख्यतः अमेरिकन गाड्यांसाठी बनलेलं असतं, तिकडे १९५५ पासूनचं शेव्हरलेचं स्मॉल ब्लॉक व्ही-८ (चार-चार सिलिंडरच्या दोन ओळींचं) आणि १९९७ पासूनचं त्यांचंच एलएस इंजिन कुठल्याही गाडीत बसवायची परंपराच आहे, आणि त्या गाड्यांचं स्टिअरिंग डावीकडे. मग डब्यावर तुमच्या गाडीचं नाव आणि साल अगदी बरोबर छापलेलं असलं तरी त्या हेडरला मोकळी जागा सोडलेली असते डाव्या बाजूला, आणि आपला शाफ्ट येतो उजवीकडून. व्ही-८ ला तर दोन्ही बाजूंनी एक्झॉस्ट असतो म्हणजे चुकवायचा प्रश्नच नाही. लाइन-फोर, म्हणजे चारही सिलिंडर एका ओळीत असलेलं इंजिन असेल तर एक्झॉस्ट कुठल्या बाजूला निघतो ते इंजिन विकत घ्यायच्या आधी बघावं, डावीकडे निघत असेल तर अर्धी लढाई तिथेच संपते. उजवीकडे असेल तर त्याच बाजूला स्टिअरिंग बॉक्स, ब्रेकचा मास्टर सिलिंडर, क्लचची केबल किंवा पाइप, सगळ्यांची गर्दी.

इथे होणारे स्वॅप

पद्मिनीचं मूळ इंजिन १०८९ सीसीचं, ताकद साधारण चाळीस हॉर्सपॉवर. तिच्यात प्रीमियरच्याच ११८ एनई गाडीचं निसान ए-१२ इंजिन (११७१ सीसी) बसवणं हा त्यातल्या त्यात समजूतदार स्वॅप. हिंदुस्तान मोटर्सच्या कॉन्टेसाला इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन कंपनीनेच नंतर दिलं, त्यामुळे जुन्या १.५ वाल्या कॉन्टेसात ते बसवायला कंपनीच्याच पार्टचा आधार मिळतो. अँबॅसिडरचं पण तसंच, तिलाही इसुझूचं इंजिन कारखान्यातूनच आलं.

पद्मिनीत स्टिअरिंग वर्म-रोलरच्या बॉक्सचं (पेटीतल्या गिअरने एक आर्म फिरवणारं), अँबॅसिडरमध्ये रॅक (डावी-उजवीकडे सरकणारा दात्यांचा दांडा). हा फरक मोठा आहे. रॅकचा शाफ्ट पुढे जाऊन खाली क्रॉस मेंबरकडे (चेसिसच्या आडव्या पट्टीकडे) उतरतो आणि रॅक आडवा पसरतो, म्हणून तिथे इंजिनचा चेंबर (खालची ऑइलची टाकी) आणि रॅक यांचीच पहिली टक्कर. बॉक्सवाल्या गाडीत बॉक्स चेसिसच्या बाजूला बसतो, त्याचा ड्रॉप आर्म खाली फिरतो आणि तिथून आडवी लिंक पलीकडच्या बाजूच्या आयडलर आर्मकडे जाते, म्हणजे पाइपला बॉक्स पण चुकवायचा, ड्रॉप आर्मची पूर्ण फिरकी पण चुकवायची आणि खालची लिंक पण. पद्मिनीत आणखी एक गोष्ट, गिअर स्टिअरिंगवर असल्यामुळे गिअरच्या सळ्याही त्याच कॉलमबरोबर खाली येतात, नवा गिअरबॉक्स फ्लोअर गिअरचा घेतला की त्या सळ्या निघून जातात आणि हेडरला बरीच जागा मोकळी होते. काही जणांना तो स्टिअरिंगवरचा गिअर जीव की प्राण असतो आणि ते मी समजू शकतो, पण हेडर लावायचाच असेल तर तिथे सोडून द्यावं लागतं.

आधी स्टिअरिंग, मग हेडर

हेडर काय, पुन्हा बनवता येतो, ठोकता येतो, दुसरा आणता येतो. स्टिअरिंगमध्ये तडजोड केली तर ती थेट जिवावर येते. म्हणून क्रम असा पाहिजे की इंजिन आणि गिअरबॉक्स जोडून, कच्च्या फाउंडेशनवर त्यांच्या खऱ्या जागी ठेवायचे, गाडीचं वजन चाकांवर असू द्यायचं, मग स्टिअरिंग पूर्ण जोडून लॉक टू लॉक, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचं, आणि ते कुठून कुठे जातं हे पक्कं झाल्यावरच उरलेल्या जागेत हेडर मापायचा. बरेच गॅरेजवाले उलटं करतात, छान चकचकीत हेडर आधी लावतात आणि मग शाफ्टला वळसा घालायला बसतात. ते मला अजिबात पटत नाही.

जुना शाफ्ट बहुतेक वेळा एकच सरळ दांडा असतो, व्हीलपासून बॉक्सपर्यंत. तो हेडरच्या वाटेत आला तर तोडून मध्ये युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे आपल्याकडे ज्याला क्रॉस म्हणतात ते टाकावे लागतात. एका जॉइंटने साधारण ३५ डिग्रीपेक्षा जास्त कोन द्यायचा नाही. एकाच जॉइंटवर ३० डिग्री कोन दिला तर व्हील एकसारखं फिरवलं तरी पुढचा शाफ्ट कधी १५ टक्के जोरात तर कधी १३ टक्के हळू फिरतो, हाताला ते जड-हलकं, जड-हलकं असं जाणवतं. दोन जॉइंट असतील, दोघांचा कोन सारखा असेल आणि मधल्या शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे (क्रॉस धरणारे दुहेरी फाटे) एका रेषेत असतील तर हा फरक एकमेकांत मिटतो. काटे चुकून ९० डिग्रीत बसवले तर उलट दुप्पट होतो, आणि गंमत म्हणजे गाडी उभी असताना ते पटकन कळत नाही, वळणावर कळतं. तीन जॉइंट लागत असतील तर मधल्या शाफ्टला चेसिसवरून बेअरिंगचा आधार द्यायलाच पाहिजे, कारण आधाराशिवाय तो शाफ्ट दोरीसारखा हवा तिकडे लोंबकळतो.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर स्क्रॅपमधून काढलेले, दोन्ही टोकांना क्रॉस असलेले शाफ्ट मिळतात आणि स्वस्तात मिळतात. घ्यायला हरकत नाही, पण क्रॉस हाताने हलवून प्ले (ढिलेपणा) बघायचा, कुठे अडकतो का बघायचं, आणि शाफ्टच्या टोकाचे दाते मोजून, व्यास व्हर्नियरने मापून घ्यायचे. दाते जुळले नाहीत तर चांगल्या टर्नरकडून जुळणारं कप्लिंग बनवून घ्यायचं. दोन शाफ्ट समोरासमोर ठेवून वेल्डिंग मारून द्या असं कुणी म्हणालं तर तिथून शाफ्ट उचलून सरळ निघावं. जॉइंटला स्क्रू असेल तर त्याच्या टोकासाठी शाफ्टवर खळगा पाडलेला पाहिजे, वर लॉकनट आणि थ्रेड लॉकर. शाफ्टचं टोक जॉइंटच्या आत जास्त घुसलं तर क्रॉसला घासतं, ते पण बघायचं. जुन्या गाडीत बॉक्सच्या तोंडाशी रबराचं कप्लिंग असेल आणि हेडर त्याच्या जवळून जाणार असेल तर रबर काढून लोखंडी जॉइंट लावणं बरं, रबर उष्णतेने कडक होऊन चिरतं. सरकणारा, एकात एक शिरणारा शाफ्ट मिळाला तर सोन्याहून पिवळं, समोरून धडक बसली तर तो आखडतो, जुना सरळ दांडा मात्र तसाच छातीकडे येतो.

इंजिन हलतं हे विसरायचं नाही

उभ्या गाडीत हेडर आणि शाफ्टमध्ये बोटभर जागा दिसली म्हणून काम झालं असं नसतं. मागची चाकं चालवणाऱ्या गाडीत इंजिन उभं, म्हणजे लांबीने बसलेलं असतं, समोरून बघितलं तर बहुतेक इंजिनांचा क्रँक घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून ब्लॉक उलटा कलतो, ड्रायव्हरच्या हिशोबाने डावी बाजू वर आणि उजवी खाली. म्हणजे आपल्या उजव्या हाताच्या गाडीत पुढच्या गिअरमध्ये जोर पडला की स्टिअरिंगकडचा हेडर खाली दबतो, रिव्हर्सला वर उचलला जातो. अमेरिकन गाडीत स्टिअरिंगकडची बाजू वर जाते, त्यामुळे तिकडच्यांनी सांगितलेलं क्लिअरन्स (मोकळं अंतर) इथे तसंच्या तसं घ्यायचं नाही. माझ्या मते शाफ्टभोवती सगळीकडून १५ ते २० मिलिमीटर तरी पाहिजे, आणि जवळ रबर, ब्रेकचा पाइप किंवा वायर असेल तर मध्ये पत्र्याची शील्ड. खात्री करायला खालून जॅक आणि लाकडाचा ठोकळा लावून इंजिन थोडं थोडं कलवायचं, दोन्ही बाजूंना, आणि प्रत्येक वेळी व्हील पूर्ण फिरवायचं.

फाउंडेशनचे रबर जुने असतील तर आधी बदला, त्यांच्यावरच हे सगळं माप उभं आहे.

हेडर बनवताना

तयार हेडर बसत नसेल तर मुंबईत बनवून घेणं हाच मार्ग, आणि खरं सांगायचं तर उजव्या हाताच्या गाडीला तोच बरा. नट-बोल्ट आणि स्टड नागदेवी स्ट्रीटला मिळतात. पाइप घेताना भिंत दीड मिलिमीटरच्या आसपास, फ्लँज (हेडरची इंजिनाच्या हेडला बोल्टने बसणारी पट्टी) ८ ते १० मिलिमीटर जाड, कारण पातळ फ्लँज वेल्डिंगने वाकते आणि मग पॅकिंग कितीही बदला, फुसफुस थांबत नाही. वेल्डिंग करताना फ्लँज जुन्या हेडला किंवा जाड प्लेटला बोल्टने घट्ट बांधून ठेवायची. चार सिलिंडरला १-३-४-२ फायरिंग (सिलिंडर पेटण्याचा क्रम) असेल तर ४-२-१ प्रकारात (चार पाइपांचे आधी दोन, मग एक) १ आणि ४ एकत्र, २ आणि ३ एकत्र, हा प्रकार रोजच्या चालवण्यात, कमी-मध्यम आरपीएमला चांगला. ४-१, म्हणजे चारही थेट एकात, वरच्या आरपीएमला. स्टिअरिंग बॉक्स मध्ये येत असेल तर लांब पाइपांचा हट्ट सोडून आखूड, ब्लॉकला बिलगणारा हेडर करावा, थोडी ताकद कमी मिळेल पण शाफ्ट सरळ राहील.

पाइप एमएस (साधं पोलाद) घ्यायचा की एसएस ३०४ (स्टेनलेस)? मुंबईच्या खाऱ्या हवेत एसएस टिकतो, आर्गन वेल्डिंग मात्र चांगल्या हाताचं पाहिजे. आणि एसएस तापल्यावर जास्त वाढतो, ३० सेंटिमीटरचा पाइप ५०० डिग्रीने तापला तर अडीच मिलिमीटर, एमएस पावणेदोनच्या आसपास, तेव्हा तेवढी जागा शाफ्टच्या क्लिअरन्समध्ये धरायची. पाइपवर गुंडाळायची पट्टी एमएसवर लावू नये, पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते आणि आतून पाइप खाते. सिरॅमिक कोटिंग महाग पण योग्य. पाइप एखाद्या ठिकाणी शाफ्टला लागतोच आहे तर तिथे गरम करून थोडा आत दाबतात, हलका दाब असेल तर चालतं. शाफ्ट घासून बारीक करणं मात्र कधीच नाही.

कलेक्टर चेसिसच्या खाली लोंबू देऊ नका, आपले स्पीडब्रेकर आणि हिंदमाता, मिलन सबवेचं पाणी दोन्ही तिथेच लागतं. सायनच्या जाममध्ये अर्धा तास उभं राहिल्यावर बोनेटखाली वारा नसतो, हेडर कार्ब्युरेटरखाली असेल तर पेट्रोल उकळून गाडी बंद पडते, म्हणून शील्ड तिथेही हवी.

कायदा

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच धरलं. इंजिन बदलायचं तर आधी आरटीओची परवानगी, काम झाल्यावर नाही. २०२१ च्या व्हिंटेज नियमात ५० वर्षांवरच्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो पण गाडी मूळ रूपात पाहिजे, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नको. म्हणजे स्वॅप केला की तो दरवाजा बंद. जुनी, पूर्ण मूळ असलेली गाडी हातात असेल तर माझा सल्ला आहे की तिला हात लावू नका, आधीच इंजिन गेलेली गाडी शोधा.

रस्त्यावर काढण्याआधी

पुढची चाकं वर उचलून लॉक टू लॉक, मग चाकं जमिनीवर ठेवून परत. अलाइनमेंट करून घ्यायची, कारण लिंक किंवा आर्मची उंची बदलली असेल तर खड्ड्यात चाक आपोआप वळतं. पहिल्या फेरीनंतर इंजिन पूर्ण गार होऊ द्यायचं आणि हेडरचे सगळे बोल्ट परत आवळायचे, पुढच्या शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा एकदा. शाफ्टवर मार्करने रेघ मारून ठेवली की पाइप कुठे घासतो ते लगेच दिसतं, आणि घासल्याची एक जरी खूण दिसली तर गाडी तिथेच उभी करून हेडर काढायचा.