‘सेव्हव्हीएम 2’ : दोन म्हणजे नाव की नंबर?

व्हीएम म्हणजे संगणकाच्या आत चालणारा आभासी संगणक, आणि स्नॅपशॉट म्हणजे त्याची एका क्षणाची जपून ठेवलेली अवस्था. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे, हे इथे पुन्हा उगाळत नाही. घोळ स्नॅपशॉटच्या नावाचा आहे.

एका यंत्रात अनेक यंत्रं चालवायची कल्पना 1960च्या दशकातल्या मेनफ्रेमवरची, म्हणजे तेव्हाच्या अवाढव्य संगणकांवरची. पीसीवर असे व्हीएम चालवणारं व्हीएमवेअर वर्कस्टेशन 1999 मध्ये आलं. पुढे स्नॅपशॉटची सोय झाली तेव्हा एका व्हीएमला एकच ठेवता येई. नवा घेतला की जुना गेला. मग नाव हवंच कशाला? 2005च्या पाचव्या आवृत्तीत अनेक स्नॅपशॉट आले.

क्यूएमू हा व्हीएम चालवणारा दुसरा प्रोग्रॅम; त्यात स्नॅपशॉट घ्यायची कमांड ‘सेव्हव्हीएम’. क्यूएमूत प्रत्येक स्नॅपशॉटला दोन ओळखी असतात: मशीनने दिलेला आयडी (1, 2, 3) आणि आपण दिलेला टॅग. पूर्वी कमांडला यातलं काहीही चालायचं, आणि इथेच पाय घसरायचा.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडतीचा हिशेब आम्ही व्हीएममध्ये ठेवला होता. यादीत दोनच नोंदी: 1 ‘कोरा’, 2 ‘मार्चएंड’. दुसऱ्या गाळ्याचा हिशेब वेगळा करण्याआधी आमच्या पोराने ‘सेव्हव्हीएम 2’ टाकलं. त्याच्या डोक्यात गाळा नंबर दोन. मशीनने दोन म्हणजे आयडी धरला, जुना ‘मार्चएंड’ उडवला आणि आत्ताची अवस्था त्याच नावाने ठेवून दिली. एरर नाही, ‘नक्की का?’ नाही. यादीत नोंदी दोनच, नावं तीच. तारीख-वेळ तेवढी बदललेली. ती कोण बघतो?

त्यात क्रमही उलटा: आधी जुना पुसायचा, मग नवा लिहायचा. लिहिताना डिस्क भरली, की जुनाही नाही आणि नवाही नाही.

एप्रिल 2019च्या 4.0 आवृत्तीने आयडीची वाट बंद केली. आता फक्त टॅग. आयडीवर बेतलेल्या स्क्रिप्ट बदलाव्या लागल्या, पण माझ्या मते सौदा स्वस्तात पटला. त्याच टॅगने पुन्हा सेव्ह केलं तर मुकाट्याने जुना बदलायचा, ही खोड मात्र राहिली. 2021च्या 6.0 मध्ये प्रोग्रॅममधून द्यायच्या नव्या कमांडने ती मोडली: टॅग आधीच असेल तर सरळ एरर, जुना नको असेल तर आधी वेगळ्या कमांडने काढा. हाताने टाकायच्या ‘सेव्हव्हीएम’ची रीत मात्र जुनीच.

यार्डातल्या मशीनवर ती अजून हातानेच टाकतात. टॅग आता ‘गाळा2’पासून सुरू होतो, पुढे तारीख.