हवामानबदल आणि किड्यांचं जनुकीय जुळवून घेणं

हवामान बदललं की त्या बदलात जे जीव तग धरतात त्यांची पिल्लं जास्त जगतात, आणि त्यांची जनुकं पुढच्या पिढ्यांत जास्त दिसायला लागतात, याला जनुकीय जुळवून घेणं म्हणतात. इथे एक घोळ नेहमी होतो तो आधीच सांगतो. मे महिन्यात दुपारी किडा पानाच्या खालच्या बाजूला जाऊन बसतो, ते त्याच किड्याचं त्याच आयुष्यातलं जुळवून घेणं आहे, त्यात जनुकं बदलत नाहीत. जनुकीय बदल पिढ्यांमधून होतो. "किडा उन्हाला सरावला" असं आपण बोलतो खरं, पण सरावलेला किडा तो सराव पिल्लांना देत नाही, ज्यांच्याकडे आधीपासून थोडी वेगळी जनुकं होती त्यांचाच वंश वाढतो.

हे समजून घ्यायला नाशिकच्या द्राक्षबागेसारखी जागा नाही. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव, कुठल्याही बागेत जा, एकाच वेलीवर दोन टोकांचे जीव आहेत. थॉमसन सीडलेस ही द्राक्षाची जात बियांपासून लावतच नाहीत, डॉगरिज नावाच्या दुसऱ्या द्राक्षवेलीच्या खुंटावर तिची काडी भरतात, म्हणजे कलम करतात, म्हणजे आज उभी असलेली थॉमसन ही जनुकांनी आजोबांच्या काळातल्या थॉमसनची जवळपास नक्कलच आहे, वारा बदलला, पाऊस बदलला, ऐन फुलोऱ्यात अवकाळी यायला लागला, तरी वेल तीच. आणि तिच्या शेंड्यावर बसलेला थ्रिप्स, म्हणजे फुलकिडा, ऊबदार हवेत अंड्यापासून पंख फुटेपर्यंत दोन-तीन आठवड्यांत तयार होतो. ऑक्टोबर छाटणीनंतर कोवळी फूट निघाली की एक शेंडा पांढऱ्या कागदावर झटकून बघा, पिवळसर, जेमतेम मिलिमीटरभर लांबीच्या रेघा इकडून तिकडे पळताना दिसतात. त्या छाटणीपासून घड काढेपर्यंत वेलीची एकही पिढी जात नाही, यांच्या चार-पाच सहज होऊन जातात. हवा तापली की पिढी अजून लवकर पूर्ण होते, म्हणजे तापमानवाढ त्यांना नुसती संख्या देत नाही, बदलायच्या संधीही जास्त देते.

थ्रिप्सकडे अजून एक गोष्ट आहे जी मला फार महत्त्वाची वाटते आणि बागेतल्या गप्पांत कधी येत नाही. त्यांच्यात फलन न झालेल्या अंड्यातून नर होतो, त्यामुळे नराकडे गुणसूत्रांचा एकच संच असतो. आपल्यात एखादं दुर्मिळ जनुक दुसऱ्या प्रतीच्या आड लपून राहू शकतं, थ्रिप्सच्या नरात आड व्हायला दुसरी प्रतच नाही, जे आहे ते उघड्यावर. उपयोगी असेल तर लगेच पुढे जातं, घातक असेल तर लगेच गळतं. बागेतल्या लाल कोळीचंही असंच आहे. कांद्यावरचा थ्रिप्स, जो पातीच्या बेचक्यात दडून बसतो, तो तर बऱ्याच ठिकाणी नराशिवायच वाढतो, नुसत्या माद्या, आणि जमलेला एखादा वंश बघता बघता सगळा प्लॉट व्यापतो.

पण भराभर पिढ्या होतात म्हणजे हवामानामुळे जनुकं बदललीच, असं म्हणून चालत नाही, ते सिद्ध करावं लागतं, आणि त्याचं सगळ्यात सुंदर उदाहरण उत्तर अमेरिकेतल्या एका डासाचं आहे. वायोमिया स्मिथी त्याचं नाव, किडे खाणाऱ्या घटपर्णीच्या पेल्यात साचलेल्या पाण्यात त्याच्या अळ्या वाढतात. हिवाळ्याआधी अळी झोपी जाते, आणि कधी झोपायचं हे ती थंडीवरून नाही तर दिवस किती लांब आहे त्यावरून ठरवते. आता हवामान कितीही बदललं तरी अमुक तारखेचा दिवस तेवढ्याच तासांचा राहतो, मग थंडी उशिरा यायला लागल्यावर जुन्या घड्याळावर चालणारी अळी उगाच लवकर झोपते आणि खायचे दिवस वाया घालवते. विल्यम ब्रॅडशॉ आणि क्रिस्टिना होल्झाफेल यांनी २००१ मध्ये दाखवलं की १९७२ ते १९९६ या काळात उत्तरेकडच्या डासांचं हे घड्याळच सरकलं, ५० अंश अक्षांशाजवळ झोपायची वेळ सुमारे ९ दिवस पुढे गेली. सगळ्या अळ्या प्रयोगशाळेत सारख्या उजेडात वाढवून तपासलेल्या, म्हणून हा फरक बाहेरच्या हवेचा नाही, जनुकांचाच. बहुतेकांना वाटतं उष्णता सोसायची ताकद आधी बदलेल, इथे बदललं ते वेळापत्रक.

पिकलेल्या केळ्यावर घोंघावतात तसल्या चिलटांच्या एका जातीचं, ड्रोसोफिला सबऑब्स्क्युराचं, उदाहरणही मोठं आहे. तिच्या गुणसूत्राचे काही तुकडे उलटे बसलेले असतात आणि उष्ण भागात एक मांडणी जास्त, थंड भागात दुसरी. २००६ मध्ये तीन खंडांतल्या २६ ठिकाणचे जुने-नवे नमुने ताडून बघितले, त्यातली २२ ठिकाणं तापली होती, आणि त्या २२ पैकी २१ ठिकाणी ही चिलटं उष्ण भागातल्या मांडणीकडे सरकलेली निघाली. किडे सोडून बोलायचं तर फिनलंडमध्ये बर्फ कमी झाल्यावर तपकिरी रंगाची घुबडं वाढली, हा रंग आईबापांकडूनच येतो. कॅलिफोर्नियात दुष्काळाआधीचं, १९९७ चं, मोहरीवर्गीय रोपाचं बी आणि दुष्काळानंतरचं २००४ चं बी शेजारी शेजारी पेरलं तर नंतरचं आधी फुलावर आलं. जुनं बी कुणीतरी जपून ठेवलं होतं म्हणून हे कळलं.

आपल्याकडे तर हे ओळखणं अजून अवघड, कारण बागेत हवामान एकटं काम करत नाही. ढगाळ वातावरण आलं की भुरी-डावणी या द्राक्षावरच्या रोगांच्या भीतीने फवारणीचे ब्लोअर सुरू होतात, थ्रिप्ससाठी वेगळे स्प्रे, आणि दर फवारणीला जे किडे उरतात त्यांची निवड औषधाने केलेली असते. ऊन सोसणारा आणि औषध सोसणारा किडा वेगळा करायला हवामान आणि फवारणी दोन्हींच्या नोंदी लागतात, आणि जुने नमुनेही.

सगळ्यांना हे जमतं असंही नाही. उष्णता सोसायची वरची मर्यादा सहसा फार हळू सरकते, थंडी सोसायची त्यामानाने लवकर. ऑस्ट्रेलियाच्या पावसाळी जंगलातल्या ड्रोसोफिला बिर्चीला तीसहून जास्त पिढ्या कडक कोरडेपणात निवडूनही तिची सहनशक्ती वाढली नाही, असं २००३ मध्ये दिसलं. पुढे जरा सौम्य कोरडेपणात तपासल्यावर तिच्यातही वाव आहे हे २०१४ मध्ये कळलं, म्हणजे ताण किती जोरात येतो यावरही उत्तर अवलंबून असतं. आपल्या आग्या आणि सातेरी मधमाश्यांची मला जास्त काळजी वाटते. हजारो माश्यांच्या पोळ्यात अंडी घालणारी राणी एकच, म्हणजे डोळ्याला दिसणारी गर्दी आणि पुढे जनुकं देणाऱ्यांची संख्या यात फार अंतर आहे, आणि देणारे कमी तर निवडीला वावही कमी. कांद्याच्या डोंगळ्यांवर, म्हणजे फुलांच्या दांड्यांवर, बी धरायचं तर याच माश्या लागतात.

पिकांच्या बाबतीत निवडीचं काम माणूस करतो. निफाडला कुंदेवाडीच्या कृषी संशोधन केंद्रात गव्हाचे वाण निघाले, त्र्यंबक, तपोवन, फुले समाधान, आणि उशिरा पेरणीसाठीचा निआव ३४. उशिरा पेरलेल्या गव्हाला दाणा भरताना फेब्रुवारी-मार्चचं ऊन लागतं, त्यात जो टिकतो तो पुढे घ्यायचा.

डोंगरावरच्या जिवांना असं निवडून देणारं कुणी नाही. नाशिक शहर साधारण ६०० मीटरवर, बागलाणातला साल्हेर १५६७ मीटरवर, तिथली हवा पाच-सहा अंशांनी थंड. खाली तापलं तर किडा वर सरकतो, पण साल्हेरच्या माथ्यावरच्या किड्याला अजून वर डोंगर नाही, आणि शेजारच्या डोंगरावरून नवी जनुकं यायची तर मध्ये तापलेली शेतं आहेत.